कुत्र्याची बॅग सगळ्यात शेवटी भरा

दिवाळी जवळ आली की ऑफिसातले 'श्वानपालक' (हा शब्द मला अजूनही सरकारी अर्जातला वाटतो, पण असो) एकमेकांना एकच प्रश्न विचारायला लागतात. "गाडीने गावी चाललोय, कुत्रा सोबत आहे, काय काय घेऊ?" मग कोणीतरी आपली यादी पाठवतं. यादीत घडी होणारं सिलिकॉनचं भांडं असतं, गार राहणारी चटई असते, सीटवर टाकायचं वॉटरप्रूफ कव्हर असतं. चार दिवसांत सगळ्या वस्तू घरपोच येतात, डिकी भरते आणि तयारी झाली असं सगळ्यांना वाटतं.

मला हे नेहमी आमच्या धंद्यातल्या एका जुन्या रोगासारखं वाटतं. क्लायंटला नक्की काय हवंय हे विचारायच्या आधीच टूल विकत घ्यायचं, आणि मग त्या टूलला साजेसं काम शोधत बसायचं. इथे क्लायंट चार पायांचा आहे आणि त्याला बोलता येत नाही, एवढाच फरक. म्हणून या वीकेंडला जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्यासोबतच्या प्रवासाची तयारी म्हणजे मुख्यतः वेळापत्रक बदलणं. बॅग भरणं हा त्यातला सगळ्यात सोपा, सगळ्यात शेवटचा भाग. आणि वेळापत्रक बदलायची तयारी नसेल, तर कुत्र्याला घरी ठेवून जाणं हेच जास्त प्रेमाचं.

हवेत बोलण्यापेक्षा माझ्या ओळखीच्या रस्त्याचं उदाहरण घेतो. माझ्या मामाचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात. पुण्याहून नगर, संभाजीनगर, जालना, देऊळगाव राजा असं जायचं, चारशेच्या आसपास किलोमीटर. सोबत आमचा बंड्या. वय सात, वजन बत्तीस किलो, जात लॅब्रॅडॉर, आणि स्वभावाने कोणाच्याही ताटासमोर बसणारा.

आता पुण्या-मुंबईचा माणूस बुलढाण्याला चाललाय म्हटल्यावर त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. जाताना सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, मग लोणारचं सरोवर, मग शेगावला गजानन महाराजांचं दर्शन, येताना कचोरी. छान कार्यक्रम आहे. आता हाच कार्यक्रम एकदा कुत्र्याच्या उंचीवरून बघा.

लोणार. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेलं, साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. जून 2020 मध्ये याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर फोटो फिरले. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या संशोधकांनी सांगितलं की तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीतही आलं. हे सगळं आपल्यासाठी. कुत्र्यासाठी लोणार म्हणजे खारट आणि अल्कधर्मी पाणी, पीएच साधारण 10. तहानलेला लॅब्रॅडॉर पाणी दिसलं की पीएच विचारत नाही. शिवाय विवर आणि भोवतालचं जंगल हे वन्यजीव अभयारण्य आहे. तिथे पाळीव कुत्रा घेऊन उतरायचा विचारच करू नये. म्हणजे लोणारला कुत्र्याचं काम शून्य.

शेगाव. दर्शनाच्या रांगेत कुत्रा उभा राहू शकत नाही, हे सांगायला कोणाची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी रांगेला किती वेळ लागेल हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. सिंदखेडराजाच्या राजवाड्यातही आपण तास-दीड तास सहज घालवतो.

मग या सगळ्या वेळात कुत्रा कुठे? याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही: गाडीत. "काच थोडी खाली ठेवू", "सावलीत लावू", "दहा मिनिटांत येतोच". बरोबर?

इथे थोडे आकडे देतो, कारण आकड्यांवर आपला विश्वास असतो. 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर 30 अंशांचं अगदी सुखद नोव्हेंबरी ऊन असेल, तरी अर्ध्या तासात आत 45 च्या पुढे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग गार करतो, आणि आतली हवाच तापलेली असेल तर धापा टाकून काय होणार? त्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश असतं, 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. "दहा मिनिटांत येतोच" हे वाक्य शेगावच्या रांगेत उभं राहून कोणी म्हणू नये.

म्हणून बंड्या सोबत असला की आमचा पहिला नियम: प्रत्येक थांब्यावर एक माणूस कुत्र्याजवळ. शेगावला बायको आणि आई दर्शनाला, मी बाहेर झाडाखाली. मग त्या बाहेर आणि मी आत. लोणार त्या ट्रिपमध्ये नाहीच, ते कुत्र्याशिवायच्या ट्रिपमध्ये. आणि दोनच माणसं असतील, दोघांनाही सगळं एकत्र बघायचं असेल, तर बंड्या पुण्यातच राहतो, ओळखीच्या माणसाकडे. यात काही अन्याय नाही. त्याला राजवाडा बघायचा नसतो.

महाभारतात महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराची गोष्ट आहे. शेवटच्या प्रवासात भाऊ, द्रौपदी सगळे वाटेत पडले, एक कुत्रा मात्र बरोबर चालत राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला प्रवेश नाही. युधिष्ठिर म्हणाला, मग मलाही नको. ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगतात, पण मला त्यात एक व्यवहारी मुद्दाही दिसतो. कुत्र्याला प्रवेश नाही म्हटल्यावर त्याने स्वतःचा कार्यक्रम थांबवला. कुत्र्याला रथात बसवून 'जरा स्वर्ग बघून येतो' असं नाही म्हणाला :)

बरं, पुराणं राहू द्या. कुत्रा घेऊन लांबचा प्रवास कसा करावा हे खरंच शिकायचं असेल तर मेंढपाळांचे वाडे बघा. दिवाळीनंतर खरिपाची शेतं मोकळी होतात तेव्हा चिखली-मेहकर पट्ट्यातल्या रस्त्यांवर मेंढ्यांचे कळप दिसायला लागतात. पुढे मेंढ्या, मागे काठी खांद्यावर टाकलेला माणूस, घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार: भांडी, अंथरुणं, कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. आणि कळपाच्या आजूबाजूने चालणारे कुत्रे. शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. रात्री कळपाभोवती जाळीचं कुंपण, आणि लांडग्यांपासून राखण कुत्र्यांची.

या लोकांकडे कुत्र्यासाठी वेगळी बॅग नसते. तरी त्यांचे कुत्रे महिनोन्‌महिने प्रवास करतात. ते देशी, काटक, रोजच्या चालीचे असतात, हे आहेच. पण मोठं कारण हे की त्यांचा प्रवास मुळातच जनावरांच्या घड्याळावर चालतो. ऊन चढायच्या आधी चाल, दुपारी सावली, पाणी असेल तिथे मुक्काम. कुठे पोहोचायचं हे जनावरांच्या पायांवर ठरतं. आपण नेमकं उलटं करतो. हॉटेलचं चेक-इन, दर्शनाची वेळ, सोमवारची मीटिंग हे सगळं आधी ठरवतो, आणि मग कुत्र्याला त्यात कोंबण्यासाठी गार चटई विकत घेतो. (त्या कुत्र्यांचं आयुष्य सुखाचं असतं असं मी म्हणत नाही, लसीकरणाच्या बाबतीत तर ते फार मागे असतात. पण प्रवासाचा क्रम त्यांच्याकडून शिकण्यासारखा आहे.)

तर मग आपलं वेळापत्रक कसं असावं? माझ्यापुरतं सांगतो.

सुरुवात एक महिना आधी. रेबीजची लस किंवा बूस्टर बाकी असेल तर तेव्हाच, कारण लस दिल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला तीन-चार आठवडे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी टोचून आणलेली लस हा फक्त कागद असतो. त्याच भेटीत गोचिडांवरचं औषध. खेड्यात अंगणात गाई-म्हशी-शेळ्या असतात, गवत असतं, आणि गोचीड असतेच. गोचिडीतून होणारा ताप कुत्र्याला फार खराब करतो, आणि तो बऱ्याचदा परत आल्यावर काही दिवसांनी दिसतो, म्हणून प्रवासाशी त्याचा संबंध लागतच नाही.

याच महिन्यात गाडीची सवय. ज्या कुत्र्यासाठी गाडी म्हणजे फक्त डॉक्टरकडे जायचं साधन, तो चारशे किलोमीटर कसा बसणार? आधी उभ्या गाडीत खाऊ, मग सोसायटीला एक फेरी, मग सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, मग एखादा दोन तासांचा प्रवास. उलटी होत असेल तर ती इथेच कळते, आणि त्यावरचं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घेता येतं. आपल्या पाकिटातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीच देऊ नये, ती त्याला विषासारखी आहेत.

मग येतो सगळ्यांना विसरायला होणारा भाग: समोरच्या घराची तयारी. शहरात आपण कुत्र्याला 'मुलगा' म्हणतो, गावात कुत्रं म्हणजे कुत्रं. यात कोण बरोबर कोण चूक हा प्रश्न नाही, घर त्यांचं आहे. मी निघायच्या पंधरा दिवस आधी मामीला फोन करतो. तिचं एकच म्हणणं असतं, "कुत्रं सैपाकघरात अन् देवघरात येऊ नको देजो बाप्पा, बाकी कुठंबी लोळू दे." बास, रिक्वायरमेंट स्पष्ट! मग बंड्याची जागा ओसरीवर, साखळी खांबाला, आणि रात्री माझी खाट त्याच्या शेजारी. मामा मात्र डिकी उघडली की दर वेळी हसतो. "काहून रे भाच्या, इतकं सामान त आपन तुह्या मायच्या लग्नातबी नाही नेलं." त्याला आता सांगितलंय की निम्मं सामान पाणीच असतं.

प्रवासाच्या दिवशी आम्ही पहाटे चारला निघतो. शेवटचं पोटभर खाणं आदल्या रात्री, वाटेत थोडं थोडं पाणी. दर दोन तासांनी थांबा, दहा-पंधरा मिनिटं चालणं. इथे समृद्धी महामार्गाबद्दल लिहिलंच पाहिजे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, आणि जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. बुलढाणा जिल्ह्यात तो सिंदखेडराजा, मेहकर या भागातून जातो. संभाजीनगर किंवा जालन्याला वर चढलं तर वेळ नक्की वाचतो. पण कुत्र्याच्या दृष्टीने हा अवघड रस्ता आहे. गाड्यांना 120 ची मर्यादा, आणि मनात आलं तिथे बाजूला थांबता येत नाही, थांबूही नये. म्हणजे चढायच्या आधी पाणी, शी-शू सगळं उरकून घ्यायचं. काँक्रीट तापतंही भरपूर. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद जमिनीवर ठेवून बघायची, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. आणि दार उघडायच्या आधी पट्टा हातात. दार, मग पट्टा, असा क्रम एकदाही चालत नाही. 120 च्या रस्त्यावर धावलेला कुत्रा स्वतः तर जातोच, मागच्या गाडीतल्या माणसांनाही घेऊन जाऊ शकतो. गाडीत असताना त्याला हार्नेस लावून सीटबेल्टच्या कुलपात अडकवायचं. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलं तर जोरात ब्रेक लागल्यावर सगळा झटका मानेवर येतो.

ऋतूचाही विचार हवा. आमच्याकडे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन शब्द आहेत. बुलढाणा, चिखली घाटावर, तिथे हवा त्यातल्या त्यात बरी. राजूर घाट उतरून मलकापूर, किंवा खाली खामगाव-शेगावकडे गेलात की मे महिन्यात चव्वेचाळीस अंश ही बातमी राहत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅब्रॅडॉर, पग किंवा हस्की घेऊन घाटाखाली जाणं याला मी तरी हौस म्हणणार नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप लागल्यावर हवाच पुरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढाच काळ मी धरतो.

गावात पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. शहरी कुत्र्याला गाव म्हणजे मोकळं रान वाटतं, आणि मालकालाही वाटतं की इथे तरी सोडू जरा. सोडू नका. बिनकठड्याच्या विहिरी असतात. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी रात्री कुंपणात वीज सोडलेली असते. ते बेकायदा आहे, पण कुत्र्याला कायदा कळत नाही. कपाशी-सोयाबीनवर फवारणी झालेली असते, आणि फवारणीच्या पिंपातलं, डबक्यातलं पाणी जिभेला लागलं की संपलं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते. जे माणसाला मारतं ते पंजे चाटणाऱ्या कुत्र्याला काय सोडणार?

आणि गावातले कुत्रे. त्यांच्यासाठी बंड्या हा परका, सुगंधी शांपूचा वास येणारा घुसखोर आहे. चार-पाच जण मिळून येतात. त्यांच्यावर दगड मारण्यात अर्थ नाही, गाव त्यांचं आहे. आम्ही पहाटे लवकर आणि भर दुपारच्या सामसुमीत, गल्लीऐवजी शेताच्या बांधाने फिरायला नेतो, आणि मामाकडचं कोणीतरी सोबत असतं.

यात आणखी एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. आपला कुत्रा जाताना आजार घेऊन जाऊ शकतो आणि येताना घेऊन येऊ शकतो. बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. अस्वलं आहेत, बिबटे आहेत, आणि बिबट्याला कुत्रा हे हक्काचं खाद्य. याच ज्ञानगंगेत डिसेंबर 2019 मध्ये एक वाघ येऊन पोहोचला होता. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ, टी1सी1. ज्ञानगंगेत यायला तो 1,300 किलोमीटर चालला होता, आणि पुढे त्याचा एकूण प्रवास 3,000 किलोमीटरच्या घरात गेला. शेतं, नाले, रस्ते, गावांच्या कडा असं सगळं ओलांडत. म्हणजे जंगल आणि गाव यांच्यात भिंत नाही. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा तोच आजार ज्याची लस आपण पिल्लाला देतो आणि पुढे कधीकधी कंटाळा करतो. आपल्या कुत्र्याची लस म्हणजे फक्त आपल्या कुत्र्याची गोष्ट नाही. मामाच्या गावातली कुत्री, वाड्यांवरची कुत्री, आणि त्यांच्यापलीकडे बोथ्याच्या जंगलातले प्राणी, ही सगळी एकाच साखळीत आहेत. म्हणून त्या रस्त्याने जाताना कुत्र्याला जंगलात उतरवायचं नाही. नैसर्गिक विधी अलीकडे नाहीतर पलीकडे.

डॉक्टरांचं काय? शहरात दर दोन किलोमीटरवर पेट क्लिनिक असतं, तशी सवय घेऊन इथे येऊ नका. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि तिथले डॉक्टर अनुभवी असतात, पण त्यांचा दिवस गाई-बैल-शेळ्यांमध्ये जातो. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे, तोही मुख्यतः पशुधनासाठी. मोठी सोय शेजारच्या अकोल्यात, तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. घाटाखाली असाल तर ती जवळ पडते, चिखलीकडे असाल तर संभाजीनगरचाही विचार करावा लागतो. निघायच्या आधी मुक्कामाच्या जवळच्या दोन डॉक्टरांना प्रत्यक्ष फोन करायचा. नकाशावर 'उघडे आहे' असं दिसतं म्हणून भाऊबीजेच्या दिवशी ते उघडं असेल असं नाही.

हे सगळं झालं की मग बॅग. ती तशी छोटीच असते.

पाणी: कुत्र्याला दिवसाला दर किलोमागे साधारण 50-60 मिली लागतं. बत्तीस किलोच्या कुत्र्याला दोन लिटरच्या आत-बाहेर, प्रवासात आणि उन्हात त्याहून जास्त. म्हणून पाच लिटरचा कॅन फक्त त्याचा. खाणं नेहमीचंच, दोन दिवस जास्तीचं. गावची शिळी भाकरी चालते, पण कांदा-लसूण घातलेली भाजी, द्राक्षं, चॉकलेट आणि अर्थातच शेगावची कचोरी, हे त्याचं नाही. (कचोरीवर तो डोळे लावून बसतो. आपण दुसरीकडे बघायचं.) लसीकरणाचं कार्ड आणि त्याचा फोटो फोनमध्ये. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला, तोही शक्यतो दोन नंबरांचा, एक गावातल्या नातेवाइकाचा. कुत्रा हरवला आणि तुमच्या फोनला रेंज नसेल तर कोणीतरी फोन उचलला पाहिजे. त्याचा अलीकडचा, पूर्ण अंगाचा फोटो. दोन पट्टे, कारण एक तुटतो. त्याचं रोजचं, न धुतलेलं अंथरूण. नवीन चटईपेक्षा घरचा वास जास्त उपयोगी. गोचीड काढायचा चिमटा, बँडेज, जखमेवरचं औषध, जुने टॉवेल. शी उचलायला पिशव्या, हो, गावातसुद्धा. संपली यादी.

यावर मित्र दोन गोष्टी म्हणतात. एक, "एवढा विचार केला तर मजा काय राहिली?" मला तर उलट वाटतं. थांबे ठरलेले असले, एक माणूस कुत्र्याजवळ आहे हे माहीत असलं, की बाकीचे निवांत दर्शन घेतात. अर्धं लक्ष पार्किंगकडे ठेवून घेतलेल्या दर्शनाला काय अर्थ? दुसरी, "अरे, तो आपल्यासोबत असला की खूश असतो, कुठेही." यात तथ्य आहे. पण तो आपल्यासोबत खूश असतो, आपल्या गाडीसोबत नाही. दिवसातले पाच तास तो एकटा बंद गाडीत किंवा परक्या अंगणात साखळीला असेल, तर त्याला सोबत नेलं असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

घरी ठेवून जायचं तर तेही तयारीचंच काम. ज्याच्याकडे ठेवणार त्याच्याकडे आधी एक रात्र ठेवून बघायचं, खाण्याच्या वेळा लिहून द्यायच्या, डॉक्टरांचा नंबर द्यायचा. हल्ली 'पेट-फ्रेंडली' शब्दाची इतकी जाहिरात होते की कुत्र्याला मागे ठेवणारा माणूस दुष्टच वाटायला लागतो. मला नाही वाटत. कुत्र्याला प्रत्येक ठिकाणी नेणं ही बऱ्याचदा आपली हौस असते, फोटोसकट. त्याची हौस साधी आहे: ओळखीचं माणूस, सावली, पाणी आणि रोजच्या वेळेला फेरी.

तेव्हा येत्या सुट्टीत कुत्र्याला घेऊन निघायचा विचार असेल तर खरेदीच्या आधी एक कागद घ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत तासांच्या ओळी आखा आणि प्रत्येक ओळीसमोर लिहा: या वेळी कुत्रा कुठे आहे आणि त्याच्याजवळ कोण आहे. एकाही ओळीसमोर 'गाडीत, एकटा' असं येत असेल, तर कार्यक्रम बदला. बदलता येत नसेल तर त्याला ठेवून जा. सगळ्या ओळी नीट भरल्या गेल्या, तर बॅग भरायला अर्धा तास पुरतो.